आबांचं गुणपत्रक

माझा पुतण्या वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. सुट्टीला जिंतूरला आला की बसस्टँडजवळच्या माझ्या हॉटेलात बसतो, फुकट चहा पितो आणि धंदा कसा करावा ते मला सांगतो. एकदा त्यानं विचारलं, "काका, तुमचा मेन सप्लायर कोण?"

"आबा."

येलदरी रस्त्यावरच्या एका गावातून आबा रोज पहाटे मोटारसायकलला दोन्हीकडून कॅन अडकवून म्हशीचं दूध आणतात. आमच्या वडिलांच्या काळात सायकलवर आणायचे. करार म्हणाल तर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेला लिटरचा आकडा. तोही मला आठवण राहिली तर.

पुतण्यानं कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक पुरवठादाराचं दरमहा गुणपत्रक निघतं. दर्जा, भाव, वेळ, सगळ्याला मार्क. कमी पडले की साहेबासमोर हजेरी. एकाच माणसावर भिस्त ठेवली की काय होतं, ते पटवायला त्यानं टोयोटाची गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानात कारिया गावी आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथंच बनायचा. लागेल तेवढाच माल मागवायचा हा टोयोटाचा खाक्या, त्यामुळे शिल्लक साठा नावापुरता. एवढ्याशा व्हॉल्व्हपायी जपानभरच्या टोयोटाच्या कारखान्यांतलं काम थांबलं.

"आता सांगा, उद्या आबा आले नाहीत तर?"

माझ्यातला मॅनेजर खडबडून उठला. बायको म्हणाली, "झोपू द्या त्याला." पण ऐकतो कोण! मोठं रजिस्टर आणलं, पुतण्यानं लाल शाईनं रकाने आखून दिले, आणि मी परभणीहून एक लॅक्टोमीटर मागवला. मे महिन्यात आबांना वेळेचे बरे आणि पुरवठ्याचे अगदीच कमी मार्क पडले, कारण लग्नसराईत मला दूध जास्त हवं आणि नेमकं तेव्हाच त्यांचं कमी. उरला दर्जा.

पहाटेची वेळ. एसटी पकडणारी गिऱ्हाइकं बाकड्यावर. आबांनी कॅन उतरवला, मी उंच पेल्यात दूध घेतलं आणि डॉक्टरच्या थाटात लॅक्टोमीटर सोडला. तो डुलत डुलत खाली गेला आणि २४ वर थांबला. तिशीच्या आसपास पाहिजे, एवढं मी दुकानदाराकडून शिकून आलो होतो.

"आबा, डिग्री चोवीस."

"कामून?"

"पाणी!" हे मी जरा मोठ्यानं म्हणालो. बाकड्यावरची मंडळी उठून जवळ आली.

आबा चिडले नाहीत. पेल्याला हात लावून म्हणाले, "थर्मामीटर कुठंय?"

माझ्याकडे नव्हता. आबा उरलेलं दूध वर्षानुवर्षं संकलन केंद्रावर घालतात. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ लागतो की नाही, हे रोज तिथं उभं राहून बघतात. त्यांनी सगळ्यांदेखत मला शिकवणी दिली. ही नळी ६० डिग्री फॅरनहाइटवर बेतलेली. दूध त्याहून जेवढं गरम, तेवढ्या प्रत्येक डिग्रीला दशांश एक वाढवायचा. हे धारोष्ण दूध, ९५ तरी असेल, म्हणजे साडेतीन मिळवा. वर फेस तसाच. फेस बसू द्या, दोन तास थांबा, आकडा आणखी चढतो.

"आन् मालक," कॅनचं झाकण लावत ते म्हणाले, "मी साय काढून घेऊन वर पाणी घातलं असतं ना, तर ह्याच काडीनं मला तीस दिले असते."

मागून एक कंडक्टर म्हणाला, "मालक, ती काडी जरा तुमच्या चहात बुडवा की!"

त्या दुधात पुढं पाणी कोण घालतं, हे जिंतुरात कुणाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा आले नाहीत. टोयोटाची गोष्ट माझ्या दारात येऊन उभी राहिली, पण उलटी. तिकडं आग लागल्यावर इतर पुरवठादार मदतीला धावले. करार, भाव काही न ठरवता व्हॉल्व्ह बनवायला लागले. शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा त्यात होती. आठवडाभरात गाड्या पुन्हा सुटू लागल्या. इकडं मी स्टँडवरच्या एकेका गवळ्याला गाठलं. सगळ्यांचं एकच उत्तर: "तो आबाचा रतीब आहे. आम्ही न्हाई घालणार." पुरवठादारांची एकजूट जपानपेक्षा आमच्याकडे कणभर जास्तच निघाली.

पिशवीच्या दुधाचा चहा गिऱ्हाइकांनी दोन घोट घेऊन खाली ठेवला. नेमगिरीची लेणी बघून उतरलेली यात्रेकरूंची गाडी माझ्यासमोर थांबली आणि मंडळी पलीकडच्या हॉटेलात गेली.

शेवटी आबांच्या गावी गेलो. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. तो चहा पिताना मला माझ्या हॉटेलाबद्दल फार वाईट वाटलं. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "मालकाची वही आण गं."

माझीही वही होती! सून खणखणीत वाचायला लागली. पैसे दहा तारखेला कबूल, दिले पंचवीसला. कॅन न धुता परत. रात्री नऊला फोन, सकाळी दुप्पट दूध पाहिजे. पोळ्याला सुट्टी मागितली, दिली नाही. पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण गोठ्यात एक म्हैस ओरडत होती.

"उन्हाळ्यात दूध कमी का, ते इचारा तिला," आबा म्हणाले. "म्हशी येत्यात पावसाळ्याच्या पुढं. उन्हाळ्यात आटत्यात. तुमच्या लग्नाच्या तिथ्या त्यांला कुणी कळवल्या न्हाईत. मेमधी दूध पाहिजे, तर उशिरा येणारी म्हैस घ्यावी लागंल. तिला पैसे?"

निम्मे पैसे मी दिले. पुतण्याला फोनवर सांगितलं तर तो खूश झाला. त्यांच्याकडे ह्याला पुरवठादाराची क्षमता वाढवणं म्हणतात.

आता आबा वेळेवर येतात. पण येताना म्हशीची खबर आणतात. आज वैरण खाल्ली नाही, उद्या डॉक्टर बोलवायचा आहे. अर्धी म्हैस माझी, म्हणून अर्धा डॉक्टरही माझा. रजिस्टरात रकाने तेच आहेत, फक्त लाल शाईत सरकी पेंडीचे भाव लिहिलेले असतात. परवा पेंड संपली. मार्केटात भाव चढलेला आणि माझ्या गल्ल्यात खडखडाट. मी आबांना जरा चाचरतच विचारलं, "ह्या खेपेची पेंड तुम्ही आणता का? पैसे दहा तारखेला देतो."

आबांनी सुनेला फोन लावला.