उजवा गाल, डावा गाल

पिंपळनेरची आमची जिजी आठवडे बाजारात चार जणांच्या शेंगा फोडून, चावून बघते आणि पाचव्याकडून घेते. भरताचं वांगं हातात झेलून पाहिल्याशिवाय तिच्या पिशवीत पडत नाही. "देखीसनच लेसू" हे तिचं ब्रीद. कंजूष म्हणाल तर शेजारच्या लेकीच्या बाळंतपणात महिनाभर डिंकाचे लाडू पोचवले, एकही मोजला नाही.

अशा बाईला सुनेने पुण्याहून चेहऱ्याला लावायची परदेशी क्रीम आणली. डबी लिंबाएवढी. किंमत सून सांगेना, जिजीने ती खोक्यावर शोधलीच. "माय व! एवढ्यात म्हशीनी महिनाभरनी ढेप येस!" मग चष्मा लावून घटक वाचून घेतले. ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी, असा नियम. यादीत पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन.

झालं, परीक्षा ठरली. पौषातला कोरडा वारा, ओठ उलताहेत, म्हणजे मोसमही बरोबर. उजव्या गालाला डबी, डाव्याला मेडिकलमधलं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. दोन्ही गाल एकदमच धुवायचे, ओलसर असतानाच लावायचं. मग दारात येईल त्याच्यापुढे तोंड. "हात लायी देख, कोनता गाल नरम शे?" दूधवाला उजवा म्हणाला, भाजीवाली डावा. पोस्टमन बिचारा रजिस्टरवर सही घ्यायला आला होता, तो "दोन्ही छान" म्हणून सुटला. मीही तेच म्हटलं तर, "तुले काही परीक्षाच नही!"

ही खोड जुनी. १९१९ साली मुंबईत निघालेला अफगाण स्नो तिच्या लग्नापर्यंत खेड्यापाड्यांत पोचला होता. हळदीच्या आदल्या दिवसापासून तिने तो एकाच गालाला लावला म्हणे. लग्नाच्या फोटोत नवरी अर्धी उजळ आहे. आमचे मामा अजून म्हणतात, मला वाटलं उन्हाची तिरीप पडली.

यंदा मात्र निकाल लागेना. पंच फुटलेले. शेवटी जिजीने गाल सोडले आणि टाचा धरल्या. उजव्या भेगांत डबी, डाव्या भेगांत मेण आणि खोबरेल. "भेग बुजनी ते बुजनी. तठे कोनले इचारानं काम नही."

परवा सुनेचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, क्रीम लावता ना?"

"रोज."

"मग दाखवा की, फरक पडला का!"

जिजीने मोबाइल खाली नेला आणि टाच दाखवली.