सर्व्हर साहेबांना ओळखत नाही

साहेबांची मागणी साधी होती. "मला माझा मेल कुठूनही दिसला पाहिजे आणि दुसऱ्या कुणालाही दिसता कामा नये." इथवर ठीक होतं, मेल सर्व्हरचं कामच ते. पण साहेबांचं बोलणं संपलं नव्हतं. "आणि सारखं ते पासवर्ड-बिसवर्ड विचारायचं नाही."

आमची कंपनी भोसरीची, मोटारींचे सुटे भाग बनवणारी. साहेबांनी एका लेथवर धंदा सुरू केला आणि तो इतका वाढवला, की 'आपण कोण?' हा प्रश्न त्यांच्या कानावर पडायचा बंद झाला. बँकेत मॅनेजर उठून उभा राहतो. लग्नात पुढच्या सोफ्यावरचे दोघे आपोआप मागे जातात. टोलनाक्यावर काच खाली करायची वेळ आलीच, तर ती ड्रायव्हर करतो. अशा माणसाला रोज सकाळी एक यंत्र विचारणार, तुम्ही कोण, आणि ते कशावरून!

हे यंत्र आमच्याकडे जिन्याखालच्या खोलीत, जुन्या चलनांच्या गठ्ठ्यांशेजारी असतं. मेल ने-आण करण्याचं काम पोस्टफिक्सकडे आणि तो माणसांना दाखवण्याचं डव्हकॉटकडे. पोस्टफिक्स मूळच्या नेदरलँड्सच्या वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना लिहिला, १९९८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा, २००२ चा. दोन्ही फुकट. 'फुकट' म्हटल्यावर साहेब म्हणाले, "मग चांगलं नसणार." पण बदलायला काही सांगितलं नाही.

खरं तर साहेबांना हवं तसं जग एकेकाळी होतं. जॉन पोस्टेल यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेल पोचवण्याचे नियम लिहून काढले, त्यांत ओळख पटवण्याची भानगडच नव्हती. एका यंत्राने दुसऱ्याला आधी हेलो म्हणायचं (नियमात खरोखर तेच आहे, फक्त स्पेलिंगमधला एक एल वाचवलेला), आपलं नाव सांगायचं आणि समोरच्याने ते खरं मानायचं. पाठवणारा म्हणून कुणाचंही नाव घाला, मेल पोचणार. त्याआधी १९७८ मध्येच एका अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रीवाल्याने सुमारे चारशे जणांना जाहिरातीचा मेल पाठवून शिव्या खाल्ल्या होत्या, तरी नियमावलीत भाबडेपणा राहिलाच. पाठवणाऱ्याला 'तू कोण' विचारायची अधिकृत रीत यायला १९९९ उजाडलं. साहेबांना हा सगळा इतिहास सांगितला. ते म्हणाले, "मग ते ब्याऐंशी सालचंच लाव की."

पहिलं काम दारं ठरवण्याचं. २५ नंबरचं पोर्ट सर्व्हरांचं आपसांतलं. माणसांनी तिकडून यायचं नाही. माणसांनी मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५. या ४६५ ची कुंडली मला फार आवडते. १९९७ मध्ये त्याला सुरक्षित मेलचं काम मिळालं, थोड्याच काळात ते काढून घेतलं, पोर्ट दुसऱ्याच कामाला देऊन टाकलं. पण लोक ऐकेनात, मेल तिथूनच पाठवत राहिले. शेवटी २०१८ मध्ये नियम करणाऱ्यांनी हात टेकले आणि ४६५ ला सन्मानाने परत घेतलं. निर्णय मागे घ्यायला वीस वर्षं लागणारी माणसं फक्त आपल्याकडेच असतात, हा माझा गैरसमज तेव्हा दूर झाला.

मेल वाचायला ९९३. इथे अकाउंट्सच्या काकांनी तक्रार आणली. मोबाइलवर मेल दिसत नाहीत, एकही नाही. त्यांच्या टेबलावरचा पीसी जुन्या पॉप पद्धतीने चालायचा, म्हणजे दर दहा मिनिटांनी सर्व्हरवरचे मेल उपसून स्वतःकडे घ्यायचे आणि सर्व्हर कोरडा ठेवायचा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, जो तो येऊन बघून जातो. काकांना हे पटलं नाही. "म्हणजे माझं टपाल माझ्याकडे नसणार?" त्यांनी आजवरचा प्रत्येक मेल छापून फाइलला लावलेला आहे. त्यामुळे आयमॅप बंद पडलं तरी कंपनी चालेल.

मग सर्टिफिकेट. साहेबांना इथे जरा समाधान वाटलं, कारण इथे सर्व्हरलाही आपण कोण ते सिद्ध करावं लागतं. 'मी तुमच्याच कंपनीचा सर्व्हर आहे' हे त्याने नुसतं सांगून फोन ऐकत नाही. जगाला मान्य असलेल्या तिसऱ्या कुणाची त्यावर सही लागते. कॉलेज प्रवेशाच्या वेळी झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का घ्यायला आम्ही प्राचार्यांच्या केबिनबाहेर ताटकळायचो, तसंच. स्वतःच स्वतःवर सही केलेलं सर्टिफिकेटही बनवता येतं, ते दाखवलं की फोन लाल अक्षरांत बोंब मारतो. आपल्या सरकारने मध्यंतरी स्वयंसाक्षांकन मान्य केलं, फोनने अजून केलेलं नाही. सुदैवाने लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था २०१५ पासून हा शिक्का फुकट मारून देते, तीन-तीन महिन्यांच्या मुदतीचा. नवा शिक्का सर्व्हर आपला आपण आणतो. फक्त आणल्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉटला ढोसून सांगावं लागतं, नाहीतर ते खिशात नवं असताना जुनंच दाखवत बसतात.

दारं उघडली आणि संध्याकाळी लॉग बघितला. भोसरीच्या जिन्याखालच्या त्या खोलीचा पत्ता कुणाला दिला नव्हता, तरी जगाच्या कानाकोपऱ्यातून पाहुणे आले होते. कुणी ॲडमिन म्हणून, कुणी सेल्स म्हणून, कुणी टेस्ट म्हणून पासवर्ड ठोकून बघत होता. साहेबांना लॉग दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "यात गिऱ्हाईक किती?"

तेव्हा पासवर्ड लांब करायचे ठरले. साहेबांचा होता कंपनीचं नाव आणि एक-दोन-तीन. मी फर्मान काढलं : चार-पाच शब्दांचं वाक्य घ्या, पाठ राहील असं, आणि त्यात घरच्यांची नावं नकोत. परचेसच्या वहिनींनी हात वर केला. "उखाणा चालेल का?" कल्पना अव्वल होती. लांब, जन्माचा पाठ, अचानक विचारला तरी न अडखळता येणारा. पण नवऱ्याचं नाव वगळून उखाणा होत नाही आणि नाव घालून पासवर्ड होत नाही. शिवाय तो त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत आहे, आणि तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत पाहिलेला आहे.

रात्रीच्या पाहुण्यांसाठी मी फेल-टू-बॅन बसवलं. दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला, की तो पत्ता बाहेर. मूळची शिक्षा दहा मिनिटांची असते, ती मी एक दिवसाची केली. त्याच आठवड्यात साहेबांनीही पासवर्ड बदलला. फोनमध्ये नवा घातला, लॅपटॉपमध्ये घातला, मेल चोख येऊ लागला.

आणि बंगल्यात शिरलं की बंद. फाटकाबाहेर आलं की सुरू. साहेब रात्री जेवण झालं की फोन घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभे राहू लागले. दोन-तीन रात्री हे पाहून बाईसाहेबांनी ड्रायव्हरकडे वेगळीच चौकशी केली. लॉगमध्ये बघितलं तर सर्व्हरने बंगल्याचा पत्ताच हाकलून दिला होता. बंगल्यातून कुणीतरी अहोरात्र जुन्या पासवर्डने दार ठोठावत होतं. घरी जाऊन शोधलं. साहेबांचा जुना टॅब्लेट, मुक्काम सध्या नातीच्या मांडीवर. ती त्यावर बडबडगीतं बघायची आणि मागच्या बाजूने तो इमानेइतबारे कंपनीचा मेल मागायचा.

"सर्व्हरला सांग ना, हे साहेबांचं घर आहे म्हणून." तेही सांगता येतं, पण घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता वरचेवर बदलतो, आज साहेबांचा म्हणून सोडलेला पत्ता उद्या शेजारच्या बंगल्याला मिळायचा. शेजारच्या बंगल्यात आमचे प्रतिस्पर्धी राहतात. साहेबांनी नातीकडून टॅब्लेट स्वतःच्या हाताने काढून घेतला. सायबर सुरक्षेसाठी कंपनीत झालेला हा सर्वांत मोठा त्याग.

यानंतर साहेब चाकणच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे गेले आणि तिथल्या रिसेप्शनमध्ये बसून त्यांनी फोनवरून कोटेशन पाठवलं. ओळख पटलेली, मजकूर कुलूपबंद, ४६५ मधून. ते गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडलं. बाहेरून पोचता यावं म्हणून आम्ही कायमच्या पत्त्याची नवी लाइन घेतली होती. त्या पत्त्यावरून उलटं विचारलं तर आमच्या सर्व्हरचं नाव निघायला हवं, ते काही निघत नव्हतं. मोठे मेलवाले अशा निनावी पत्त्याला उभं करत नाहीत. ही उलटी नोंद आम्हाला करता येत नाही, लाइन देणाऱ्या कंपनीनेच करायची असते.

त्यांच्या ऑफिसात अर्ज दिला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, लेटरहेडवर लिहून आणा, मालकांच्या पॅनची आणि आधारची झेरॉक्स जोडा, मालकांनी स्वतः येऊन त्यावर सही करायची. मी साहेबांना घेऊन गेलो. मुलाने मान वर न करता विचारलं, "आपण कोण?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी झेरॉक्सकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही प्रतींवर, स्वतःच स्वतःच्या फोटोखाली, सही ठोकली.

"चालेल," मुलगा म्हणाला.