लिफ्टची अनामत

फ्लॅटची फरशी बदलायची म्हटली की पहिला अर्ज सोसायटीकडे जातो आणि पहिला चेकही तिथेच फाटतो. तो अनामतीचा. कॉन्ट्रॅक्टरची माणसं सिमेंटच्या गोण्या, लाद्या आणि डेब्रिज घेऊन लिफ्टमधून ये-जा करणार, तिचा आरसा तडकणार, दार वाकणार, हे कमिटीला आधीच ठाऊक असतं. म्हणून पैसे नुकसान होण्याआधीच घेऊन ठेवायचे. काम संपलं की सेक्रेटरी लिफ्टची पाहणी करणार, ओरखडा दिसला तर कापून घेणार, उरलं तर परत देणार. व्यवस्था चोख आहे. फक्त नुकसान करणार कॉन्ट्रॅक्टर, अनामत भरणार घरमालक आणि संरक्षण मिळणार लिफ्टला. ज्याचे सहा लाख त्या कॉन्ट्रॅक्टरच्या हवाली होणार आहेत, त्याच्यासाठी मात्र कुणीच कुणाकडून काही घेऊन ठेवलेलं नसतं.

आपल्याकडची सर्वात सुरक्षित ग्राहक कोण, तर लिफ्ट. तिला तक्रार करावी लागत नाही, वकील गाठावा लागत नाही. पैसे दिल्याचा पुरावा तिच्याकडे कुणी मागत नाही, सगळ्यात स्वस्त कोटेशन कशाला घेतलंस म्हणून तिला कुणी झापत नाही. काम चालू असेतोवर तिला आतून प्लायवूड लावून जपतात, तेही घरमालकाच्या खर्चानं. घरमालकाला प्लायवूड कोण लावणार? त्याच्याकडे कॉन्ट्रॅक्टर पहिल्या दिवशी काय करतो, तर संडास-बाथरूम फोडतो. हॉल नाही, बेडरूम नाही. हॉल फुटला तरी माणूस बेडरूममध्ये राहून भांडू शकतो, दुसरा कॉन्ट्रॅक्टर शोधू शकतो. संडास फुटलेला माणूस भांडत नाही. तो दुसरा हप्ता देतो. मग तिसरा. त्यानंतर मिस्त्री गावाला जातो. मिस्त्रींच्या गावात लग्नं, आजारपणं आणि जमिनीचे वाद बाराही महिने चालू असतात, पण दिलेली रक्कम निम्म्याच्या पुढे सरकेपर्यंत त्यांची बातमी येत नाही. 'उद्या माणूस पाठवतो' एवढं फोनवर ऐकू येतंय तोवर दिवस बरे म्हणायचे, कारण पुढचा टप्पा फोन बंद लागण्याचा असतो. एव्हाना लिफ्टला अनामतीतून नवा आरसा बसलेला असतो. घरमालक बादली घेऊन खालच्या वॉचमनच्या संडासाकडे निघतो तेव्हा त्या आरशात त्याला स्वतःचं तोंड लख्ख दिसतं.

कायदे आहेत की, असं कुणी तरी म्हणेलच. आहेत, ढीगभर आहेत. 1872च्या भारतीय करार कायद्यात कलम 73खाली काही उदाहरणं दिली आहेत. त्यातल्या एकात 'अ' हा 'ब'चं घर दुरुस्त करायचा करार करतो, पैसे आगाऊ घेतो आणि दुरुस्ती ठरल्याप्रमाणे करत नाही. म्हणजे 'अ' दीडशे वर्षांपूर्वीही ॲडव्हान्स घेऊनच काम बिघडवत होता. काम ठरल्यासारखं करून घ्यायला जो खर्च येईल तो 'ब'ला 'अ'कडून वसूल करता येतो, असं कायदा सांगतो. 'अ' सापडला तर, हे त्यात लिहायचं राहिलं. 2016चा रेरा कायदा बिल्डरला ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषांसाठी जबाबदार धरतो आणि 30 दिवसांत फुकट दुरुस्ती करायला सांगतो; पण ज्यात विक्री-जाहिरात नाही अशा नूतनीकरणाला आणि दुरुस्तीला त्यानंच नोंदणीतून सरळ वगळलं आहे. उलट घरमालकानं भिंत हलवली की बिल्डर आपली जबाबदारी संपली म्हणायला मोकळा. राहिला 2019चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात घरबांधणी ही सेवा आहे, 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, तक्रारीला मुदत 2 वर्षांची, आणि निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा, अशी अपेक्षा. हा प्रयत्न कसा चाललाय ते तारखांना हजेरी लावणाऱ्यांना विचारा. पण तारखांपेक्षा वाईट भानगड वेगळीच आहे. काम निकृष्ट होतं हे सिद्ध करायचं तर ते निकृष्ट अवस्थेतच राहायला हवं. फोडलेला संडास हा पुरावा आहे. दुरुस्त केलात तर पुरावा गेला, ठेवलात तर तुम्ही गेलात. फोटो आणि तज्ज्ञाचा अहवाल चालतो म्हणे. त्या तज्ज्ञाची फीसुद्धा 'ब'नंच भरायची. एवढं करून आदेश मिळालाच, तरी बजावायचा कुणावर? आदेश न पाळणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यासाठी आधी तो माणूस हाती लागला पाहिजे, आणि त्याचा पत्ता म्हणजे 'पीओपी, प्लंबिंग, कलर, सर्व कामे' असं छापलेल्या कार्डावरचा बंद मोबाइल. चौकीत गेलात तर ही दिवाणी बाब आहे, असं दोन मिनिटांत समजावून बाहेर पाठवतात.

तेव्हा दोष कायद्याच्या मजकुरात नाही, पैसा कुणाकडून आणि केव्हा घेतला जातो त्यात आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात घरदुरुस्तीचं कंत्राट घ्यायला परवाना लागतो, कराराच्या वेळी एक तृतीयांशाहून जास्त रक्कम उचलता येत नाही, आणि परवानाधारकांच्याच पैशातून एक हमी निधी चालतो. काम वाईट झालं किंवा अर्धवट राहिलं तर घरमालकाला त्यातून भरपाई मिळते, एका दाव्याला जास्तीत जास्त 30,000 डॉलर. हिशेबाची रीत आपल्या रुपयांत सांगायची तर काम ठरलं 6 लाखांना, 4 लाख दिले, माणूस पळाला, उरलेलं निस्तरायला दुसरा 5 लाख मागतो. एकूण 9, ठरले होते 6, भरपाई 3 लाख. मनस्तापाचे पैसे नाहीत, वकिलाचे नाहीत, विनापरवाना माणसाला काम दिलं असेल तर दमडीही नाही. आणि निधीनं मोजलेली रक्कम व्याजासकट परत करेपर्यंत त्या कॉन्ट्रॅक्टरचा परवाना बंद. आपल्या कमिटीला हे नवीन वाटू नये. ही लिफ्टचीच अनामत आहे, फक्त ओरखडा काढणाऱ्याकडून घेतलेली आणि ज्याला ओरखडा पडला त्याला दिलेली.

यावर गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल, अशी हाकाटी होईल. मिस्त्री आणि कॉन्ट्रॅक्टर यांची सरमिसळ कॉन्ट्रॅक्टरच्या सोयीची आहे. तो पळतो तेव्हा लादीवाल्याची मजुरीही बुडवूनच पळतो. शिवाय बांधकामाच्या खर्चावर टक्का कापून निधी उभारणं आपल्याला अनोळखी नाही, बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी 1996पासून किमान 1 टक्का उपकर आहेच. परवाना आला की टेबलाखालून चहापाणी आलं, हा आक्षेप जास्त वजनदार. येईल, नाकारत नाही. पण निधीत स्वतःचे पैसे अडकलेले चांगले कॉन्ट्रॅक्टर पळपुट्यांवर जी नजर ठेवतील, ती आज कुणीच ठेवत नाही. सगळ्यात झोंबणारा आक्षेप मात्र घरमालकावरच आहे. 'बिल पाहिजे तर 18 टक्के जीएसटी वर' असं ऐकल्यावर हाच गृहस्थ डोळे मिचकावून रोख मोजतो, पावती घेत नाही, आणि फसल्यावर भरपाई मागतो. खरं आहे. म्हणूनच निधीनं बिलाशिवाय आणि बँकेतून गेलेल्या पैशांशिवाय कशालाही हात लावू नये. त्या 18 टक्क्यांच्या बदल्यात घरमालकाला पहिल्यांदाच काही तरी मिळेल, आणि बिल मागायची लाज जाईल.

तोवर सगळं विश्वासावर चालायचं. सरकारकडे अभियंते आहेत, प्रयोगशाळा आहेत, मोजमाप पुस्तिका आहेत. तरी ते आपल्या कंत्राटदाराकडून बयाणा घेतं, सुरक्षा अनामत घेतं, चालू बिलातून कापतं, आणि काम झाल्यावरही दोष दायित्वाची मुदत उलटेपर्यंत ती रक्कम सोडत नाही. (एवढं करून रस्ते कसे होतात, तो वेगळा विषय.) इकडे वॉटरप्रूफिंग झालं की नुसता सिमेंटचा थर मारला, हे ज्याला खालच्या काकू छताकडे बोट दाखवतात तेव्हाच कळतं, त्यानं 60 टक्के आधी मोजायचे. शेवटचे 10 टक्के पाणी भरून तपासल्यावर देतो म्हटलं, तर कॉन्ट्रॅक्टर दुखावतो. 'साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?' नाही. सरकारचाही नाही.