कोळशाचं गोत्र

रविवारी सकाळी बहिणीकडे गेलो, तर भाचा तोंडावर दुपट्टा घेऊन पडलेला. घरात कुणी दगावल्यासारखी शांतता. काय झालं विचारलं तर बहीण म्हणाली, "काही नाही रे, रात्री आर्सेनल हरली. तेव्हापासून जेवला नाही." याच पोट्ट्यानं गणितात नापास झाल्याच्या दिवशी तीन प्लेट समोसे खाल्ले होते.

मी उशाशी बसलो. "बाबू, हे आर्सेनल कुठं आलं?"

"लंडनले."

"आन् तू?"

"राजुऱ्याले."

"मग?"

"मामा, तुमाले नाही समजत."

मग समजून घ्यायचं ठरवलं. पाचवीत असताना बापानं त्याला बल्लारपूरच्या बाजारात नेलं होतं. ठेल्यावर तीन जर्स्या होत्या. चेल्सीची गुडघ्यापर्यंत येत होती, मँचेस्टर युनायटेडची डोक्यातून खाली उतरेना, आर्सेनलची मापात बसली. झालं! एवढीच त्या निष्ठेची जन्मकथा. घरी येऊन "जर्सी आणली" म्हणून नाचला, तेव्हा आजीनं विचारलं होतं, "किती लिटर देते?" दूध मिळालं नाही ते नाहीच, वर छातीवर फ्लाय एमिरेट्स. मूर्ती गावाजवळ विमानतळ होणार म्हणून कितीतरी वर्षं आम्ही नुसतं ऐकतो आहोत, पण पोरगा तेव्हापासून उडतोच आहे. २००३-०४ मध्ये आर्सेनलनं लीगचे ३८ सामने न हरता काढले, तेव्हा याचा पत्ताही नव्हता. हा जन्मला आणि पुढे लीग जिंकायची पाळी काही येईना. जर्सी फाटली, पोरगा वाढला, निष्ठा मात्र मापातच राहिली.

तिकडे म्हणे मॅच पबमध्ये बसून पाहतात. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, त्यामुळे चर्चेची सवय पानठेल्यालाच लागली ती लागलीच. खर्रा घोटता घोटता युरोपचं सगळं उलगडतं. तिथला एक लिव्हरपूलवाला तर लोडशेडिंगनं घडवलेला आहे. २००५ च्या मे महिन्यातली रात्र, गच्चीवर अंगाची लाही, झोप नाही. लाइट आली ती इस्तंबूलच्या फायनलच्या मध्यंतराला. त्याआधी मिलाननं तीन गोल मारले होते, ते यानं पाहिलेच नाहीत. त्याच्या डोळ्यांसमोर लिव्हरपूलनं तीन मारले, समोरच्यांनी शून्य. मग पेनल्टी कशाला घेतल्या, हे त्याला दुसऱ्या दिवशी पेपर येईपर्यंत कळलं नाही. तोवर तो कायमचा लिव्हरपूलचा झाला होता.

दुसरा एक आहे, तो रियल माद्रिदचाही आणि मँचेस्टर सिटीचाही. दोघं समोरासमोर आले की याच्या घरी दिवाळी ठरलेलीच. त्याला आम्ही जिवतीवाला म्हणतो. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणही. तिथं दोन्हीकडचं रेशन, दोन्हीकडचं मतदान. अर्थात राजुऱ्यानं कुणाला हसावं? आमचा तालुका निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला, १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. माझा आजोबा खाटेवरून न उठता टीम बदलून बसला होता.

नाही म्हणायला, विचार करून क्लब निवडणारा एक माणूस माझ्या माहितीत आहे. माझा चुलतभाऊ, मुक्काम न्यू जर्सी. (तिथंही जर्सीच.) तिकडे शनिवारी सकाळी चहासोबत इंग्लंडची मॅच लागते आणि प्रत्येकाला कुणीतरी आपलं असावं लागतं. कुणी फुलहॅम धरतं, कारण तिथं मॅकब्राइड, डेम्प्सी हे अमेरिकन खेळले. कुणी रेक्सहॅम धरतं, कारण २०२१ मध्ये दोन नटांनी तो क्लब विकत घेतला आणि त्यावर मालिका काढली. भावानं एक्सेलमध्ये तक्ता केला: इतिहास, तिकिटाचे दर, मालकाची वर्तणूक, रंग. मुलगी पाहायला जाताना त्यानं यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

मीही म्हटलं, आपण नात्यागोत्यानं जाऊ. सगळ्यात जवळचं नातं ब्लॅकबर्न रोव्हर्सचं, कारण २०१० पासून तो क्लब पुण्याच्या वेंकीजचा. पण पुण्याच्या हाती आल्यावर दोन वर्षांत तो वरच्या लीगमधून खाली गेला. खाली गेला त्या सामन्यात तिथल्या पाठीराख्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली, क्लबचा झेंडा गुंडाळून. पुण्याविषयीच्या भावना इतक्या नेमक्या तर आम्हा वैदर्भीयांनाही कधी मांडता आल्या नाहीत. मग हल सिटी पाहिला. वाघ हे त्यांचं चिन्ह, आधीच्या मालकाला तर नावच हल टायगर्स करायचं होतं. पण २०२० मध्ये आरटी-१ हा वाघ पकडला जाईपर्यंत ज्या गावची माणसं वावरात जाताना मागं वळून पाहत होती, तिथं छातीवर वाघ घेऊन कोण फिरेल?

आणि मग शाल्के सापडला. जर्मनीतल्या गेल्सनकिर्शनचा क्लब, १९०४ सालचा, खाणकामगारांचा. खेळाडू मैदानात येतात तो बोगदा खाणीच्या भुयारासारखा केलेला. तिथल्या पट्ट्यातली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ मध्ये बंद झाली. इकडे सास्ती, गोवरी, पौनीच्या खाणी. अंगणात वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होतो. गोत्र जुळलं. छत्तीसपैकी छत्तीस गुण.

लग्नानंतर कळलं. शेवटची लीग जिंकली १९५८ मध्ये, म्हणजे राजुरा चांदा जिल्ह्यात यायच्याही आधी. २०२१ ला खाली, २०२२ ला वर, २०२३ ला पुन्हा खाली. आमच्या गावच्या लाइटसारखं.

दोनेक महिन्यांनी पुन्हा तोच रविवार, तोच दुपट्टा. मी म्हटलं, "बाबू, १९ मे २००१ ची गोष्ट ऐक. शाल्के घरच्या मैदानावर ५-३ नं जिंकले. तिकडे हॅम्बुर्गमध्ये बायर्न हरत होते. हरले की शाल्के चॅम्पियन. लोक मैदानात शिरले, रडले, गळ्यात पडले. तिकडची मॅच संपली असंच सगळ्यांना वाटलं."

दुपट्टा थोडा सरकला. "मग?"

"संपली नव्हती. जादा वेळेत बायर्नला फ्री किक मिळाली आणि अँडरसननं गोल मारला. एकूण चार मिनिटं चॅम्पियन होते बिचारे."

"आन् त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर लीग नाहीच."

भाचा उठून बसला. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला, वावरात गारपीट झालेल्या शेजाऱ्याकडे पाहावं तसा. मग आत वळून ओरडला, "आई, जेवाले वाढ वं! मामालेही वाढ."

मी फोन काढून आदल्या दिवशीचा निकाल पाहिला आणि बहिणीला म्हटलं, "मला नको." दुपट्टा खाटेवर मोकळाच पडला होता.