स्टिअरिंगला जोर आणण्याची सोपी कृती

साहित्य: गेम कन्सोलचं एक रेसिंग व्हील (वॉरंटी संपलेलं; संपली नसेल तर पहिला स्क्रू काढला की संपते), स्टार स्क्रू ड्रायव्हरचा संच, सोल्डरिंग गन, १२ व्होल्टचा छोटा पंखा, प्लास्टिकला चालणारं ग्रीस, चिमूटभर थर्मल पेस्ट आणि घरात कुणी नसेल अशी रविवारची दुपार. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

आधी थोडी थिअरी. गेममधल्या टायरवर येणारा ताण आकड्यांच्या रूपात व्हीलकडे जातो आणि आतली मोटर तुमच्या हाताशी झोंबी घेते. यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात. हा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. लॉजिटेकचं २०१५ सालचं जी-२९ घ्या. दोन मोटरी, तिरप्या दातांची चाकं आणि जोर साधारण २ न्यूटन-मीटर. मंडईच्या हिशेबात सांगायचं तर २८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेला दीड किलो कांद्यांची पिशवी लटकवल्यासारखं. फॅनाटेकचं सीएसएल डीडी २०२१ मध्ये आलं. त्यात दातबित काही नाही, स्टिअरिंग थेट मोटरीच्या दांड्यावर. ते ५ न्यूटन-मीटर देतं आणि मोठा अ‍ॅडॉप्टर लावला की ८, म्हणजे जवळपास पावणेसहा किलो कांदे.

नवशिक्याची मती फिरते ती इथेच. अ‍ॅडॉप्टर बदलून त्यांचा जोर वाढतो, मग आपला का नाही वाढणार? कारण त्यांची मोटर मुळात ८ चं जेवण पचवणारी आहे, लहान अ‍ॅडॉप्टर तिला अर्धपोटी ठेवतो. आपली बिचारी आधीच तुडुंब जेवून बसलेली असते. तिला आग्रह करून जिलब्या वाढायच्या, अशी ही कृती आहे.

व्हील उघडा. (माझ्या व्हीलच्या कंपनीचं नाव घेत नाही. पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नव्हता.) आतलं पांढरं ग्रीस दात्यांच्या कडेला ढकललं जाऊन मलईसारखं साचलेलं दिसेल आणि प्रत्यक्ष दात्यांवर ठणठणाट असेल. पुसा, नवीन लावा. एवढ्यानेच खडखड निम्मी होते आणि समजूतदार माणूस इथेच झाकण लावतो. आपण पुढे जाऊ.

मोठा अ‍ॅडॉप्टर घ्यायला मी पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी गेलो. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "कशाला लागतो?"

"स्टिअरिंगला."

"गाडी कुठली?"

"गाडी नाहीये."

आता त्याने वर बघितलं. "गाडी नाही आणि स्टिअरिंग जड करायचंय? लोक हलकं करायला येतात हो!" अ‍ॅडॉप्टर मात्र दिला. २४ व्होल्टच्या जागी ३० चा.

आता भौतिकशास्त्र, तेही शाळेतलंच. मोटरीचा जोर करंटच्या प्रमाणात वाढतो, पण तिची उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. दुप्पट जोर म्हणजे चौपट ताप. त्यात तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. मोटर ५० अंशांनी तापली की रोध पाचव्या हिश्शाने जास्त, त्यामुळे करंट कमी आणि जोरही कमी. थोडक्यात, तुम्ही विकत आणलेला जोर तिसऱ्या-चौथ्या लॅपला तापून पळून जातो. यावर उपाय म्हणजे पंखा. मोटरीच्या बाजूला प्लास्टिकला खिडकी पाडा, पंखा बसवा, थर्मल पेस्ट लावून मोटरीच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवा. वारा मोटरीवर येऊ दे, तोंडावर नको. मी पहिल्यांदा उलटा बसवला होता.

सगळं जोडून बटण दाबलं की व्हील स्वतःची हद्द तपासतं. डावीकडे पार टोकापर्यंत, मग उजवीकडे, मग मध्यावर. एरवी हे काम ते पेन्शनरासारखं करतं. ३० व्होल्टवर त्याने ते ज्या आवेशात केलं, त्यात टेबलाच्या कडेवरचा चहाचा कप भिंतीपर्यंत गेला. म्हणून सूचना: या वेळी अंगठे आऱ्यांच्या आत ठेवू नयेत. कपही ठेवू नये.

पहिली वीस मिनिटं स्वर्ग होता. कर्बवरून चाक गेलं की कोपरापर्यंत झिणझिण्या. मग लक्षात आलं की जोर एकटा येत नाही. तो व्हीलमधून क्लॅम्पमध्ये जातो, क्लॅम्पमधून टेबलात, टेबलातून फरशीत. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अरे, मिक्सर कुणी लावलाय?" खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर आले आणि नम्रपणे म्हणाले, "ड्रिलिंगचं काम दोन ते चारमध्ये नको, एवढंच."

संध्याकाळी भाचा आला. वय वर्षं तेरा. त्याने दोन वळणं घेतली आणि म्हणाला, "मामा, सगळीकडे सारखंच लागतंय." ग्रॅन टुरिस्मो ७ या गेममध्ये टॉर्क आणि सेन्सिटिव्हिटी असे १ ते १० चे दोन आकडे असतात. मी दोन्ही १० वर ठेवले होते. त्याने जे होतं त्याला क्लिपिंग म्हणतात. व्हीलच्या कुवतीपलीकडचा संदेश आला की व्हील सगळ्याला एकच कमाल जोर लावतं. मग घसरणारा टायर आणि धरून असलेला टायर यांत हाताला फरक कळत नाही. भोंग्यावर लावलेल्या भजनासारखं. भाच्याने टॉर्क ५ वर आणला आणि माझ्यापेक्षा तीन सेकंद कमी वेळात लॅप मारली. पुढच्या लॅपला आत 'टक्' झालं. एक दाता गेला होता.

ज्यांना तरीही हात शिवशिवतात त्यांच्यासाठी एक बिनधोक युक्ती आहे. स्टिअरिंगची रिंग लहान लावा. मोटर तीच, अ‍ॅडॉप्टर तोच. २८ ऐवजी २४ सेंटिमीटरची रिंग असली की हाताला सहावा हिस्सा जास्त जोर लागतो, आणि दातांना कळतही नाही.

माझ्या व्हीलमध्ये आता नवं चाक आहे, २४ व्होल्टचा जुना अ‍ॅडॉप्टर आहे आणि गेममध्ये टॉर्क ५ आहे. पंखा तेवढा ठेवलाय. तो खरंच उपयोगी आहे.