धोंडो, सुपडू आणि मंडळी

यमाला मराठी येतं, पण बेताचंच येतं, अशी आपल्या पूर्वजांची पक्की खात्री होती. त्याशिवाय त्यांनी पोटच्या पोरांची नावं धोंडू, दगडू, केरू, कचरू आणि उकिर्डा अशी ठेवली नसती. हिशेब साधा होता. घरात एकापाठोपाठ एक मुलं गेलेली असत. पुढचं झालं की त्याला राजाराम किंवा लक्ष्मण म्हणून वरच्या दरबाराचं लक्ष कशाला वेधायचं? त्यापेक्षा 'मूल कुठलं, दगड आहे हो दगड' असं गावभर जाहीर करून टाकायचं. यमदूत यायचा, दारात धोंडा बघायचा आणि शेजारच्या श्रीरंगाकडे वळायचा. अर्थात शेजारीही काही दूधखुळे नसत, त्यामुळे श्रीरंगाच्या पाठचा बहुधा भिकू व्हायचा.

माझ्या आजोळी, खानदेशात, आईचे एक चुलतभाऊ होते, सुपडूमामा. सुपडू हे नाव ऐकून पुण्याकडची माणसं आधी हसतात आणि मग 'टोपणनाव का?' असं विचारतात. टोपणनाव नव्हे, सातबाऱ्यावर हेच. मामांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून मामा जन्मल्यावर त्यांना सुपात घालून शेजारच्या म्हातारीनं परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मग तिनंच 'अगंबाई, हे कुणाचं पोर?' असं मोठ्यानं म्हणत ते उचललं, दारात आणलं आणि मामांच्या आईला विचारलं, 'घेतेस का विकत?' पायलीभर ज्वारी आणि एका ढबू पैशावर सौदा तुटला. वर नाकपुडी टोचून त्यात बारीकशी तार घातली, म्हणजे कुणी बारकाईनं बघितलंच तर मुलगी वाटावी. हे नाकातलं भोक मामांच्या म्हातारपणापर्यंत दिसायचं आणि तपकीर ओढताना ते त्यावर हटकून बोट ठेवायचे. पण त्या व्यवहाराचा त्यांना केवढा अभिमान! आम्हा भाचरांना सुनवायचे, 'तुम्ही सगळे फुकटात आलेले. मी रोख मोजून घेतलेला माल आहे.'

ही नावं म्हणजे खरेदीखतंच होती. सुपात घातला तो सुपडू, उकिरड्यावर ठेवला तो उकिर्डा, केरात लोळवला तो केरू, मूठभर कोंडा देऊन घेतला तो कोंडू, फकिराच्या झोळीत टाकून परत मागून घेतला तो फकिरा, आणि नाक टोचलं तो नथू. सटवाईला नवस बोलून झालेला सटवाजी मात्र यमाला फसवण्याच्या भानगडीत पडत नसे. तिथं थेट वरच्या साहेबाचीच ओळख सांगितलेली असे.

सगळेच धोंडे भीतीपोटी आलेले नाहीत, हेही सांगायला हवं. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. त्या महिन्यात जावयाला अनारसे मिळतात आणि त्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू हे नाव मिळतं. कुणाचा सौदा चांगला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. दादासाहेब फाळक्यांना मात्र या यादीत घुसडू नये. ते धुंडिराज. धुंडिराज हा काशीचा गणपती. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या धोंडिराज फाळक्यांवर तासभर व्याख्यान देऊन आले होते आणि सभागृहात एकालाही ते खटकलं नाही.

या युक्तीचा उपयोग व्हायचा का? कधी कधी तर जरा जास्तच व्हायचा. धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन गेले. जन्माच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न घ्यायला हा धोंडा स्वतःच्या पायांवर उभा होता. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. इंग्रजांनी त्यांच्या डोक्यावर लाखाचं बक्षीस लावलं, नेपाळच्या तराईपर्यंत माणसं धाडली, पण ते काही शेवटपर्यंत हाती लागले नाहीत. यमाला चकवणाऱ्या नावानं कंपनी सरकारलाही चकवलं, असं म्हणायला माझी हरकत नाही. तिसरा धोंडिया वाघ. श्रीरंगपट्टण पडलं त्या गडबडीत टिपूच्या तुरुंगातून सुटला, फौज जमवली आणि स्वतःला 'उभयलोकांचा राजा' म्हणवून घेऊ लागला. नाव धोंडिया आणि किताब दोन्ही लोकांचा! त्याला १८०० साली आर्थर वेलस्लीनं गाठून मारलं. पुढं याच वेलस्लीनं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, पण त्याचा सराव आधी आपल्या धोंड्यावर झालेला आहे, हे इंग्रज लोक फारसं सांगत नाहीत.

मराठी साहित्यात तर धोंडे पायाभरणीत आहेत. नावाच्या मधलं अक्षर बघा. ना. धों. महानोर. ना. धों. ताम्हनकर. त्यांनी मुलांसाठी कादंबरी लिहिली, तिचं नाव 'गोट्या'. वडिलांच्या नावात धोंडा आणि मुलाच्या लेखणीतून गोटा, अशी ही झीज आहे. आणि र. धों. कर्वे! मूल जगावं म्हणून धोंडो नाव ठेवणाऱ्या समाजात, एका धोंडोंच्याच चिरंजीवांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मुलं मोजकी झाली तर ती जगतीलही आणि नावंही बरी ठेवता येतील, हा मुद्दा लोकांना पटायला पुढं बराच काळ गेला. तोवर र. धों.ना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आता एक गोष्ट जरा कडू आहे. धोंडो सगळीकडेच असले, तरी ते सगळीकडे सारखे वाढले नाहीत. पेशव्याच्या घरचा धोंडो वयात आला की धोंडोपंत होई, प्रभात रोडवरचा अण्णा होई. गावकुसाबाहेरचा धोंडू नातवंडं झाली तरी धोंड्याच राही. तिथं कचरू, दगडू ही नावं यमाला फसवण्यासाठी होती की गावाला खूश ठेवण्यासाठी, हे सांगणं अवघड आहे. शूद्राचं नाव निंदाव्यंजक असावं, असं मनुस्मृतीनं लिहूनच ठेवलं आहे, तिथं यमाचं काही काम नाही. दया पवारांचं मूळ नाव दगडू. १९७८ साली 'बलुतं' आलं, त्यात दया आणि दगडू समोरासमोर बसून बोलतात. माणूस एकच, नावं दोन, आणि मध्ये केवढं तरी अंतर.

त्यावरचा उताराही नावातूनच आला. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर घरोघरी सिद्धार्थ, राहुल, आनंद, नागसेन जन्मले. आणि मिलिंद. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. त्यानं नागसेन नावाच्या भिक्षूला अवघड अवघड प्रश्न विचारले, म्हणून पाली ग्रंथात अमर झाला. औरंगाबादला डॉ. आंबेडकरांनी काढलेल्या कॉलेजाचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांचीही सोय केलेली आहे. गंमत अशी, की संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. त्यामुळे सदाशिव पेठेतला मिलिंद भुंगा असतो आणि नागसेनवनातला मिलिंद ग्रीक. दोघं एकाच ऑफिसात शेजारी शेजारी बसून डबा खातात आणि हाक मारली की दोघंही वळतात.

ग्रीक चालतो म्हटल्यावर फारसी-अरबीचं कुणी मनावर घेतलेलं नाही. सर्जेराव हे नाव आपल्याला काळ्या मातीतलं वाटतं, इतकं की बैलालाही सर्जा म्हणतो. मूळ शब्द फारसीतला, अर्थ चवताळलेला वाघ-सिंह. हैबत म्हणजे दहशत. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे वारकरी कोण, तर हैबतबाबा! टाळ-मृदंगाच्या पुढं दहशतबाबा चालताहेत आणि कुणाला काही वाटत नाही. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. काही नावं तर नावं नव्हतीच, बढत्या होत्या. प्रतापराव गुजरांचं मूळ नाव कुडतोजी, हंबीरराव मोहित्यांचं हंसाजी. महाराजांनी पराक्रम बघून किताब दिला. आता प्रताप नाव ठेवायला पराक्रमाची अट नाही, जन्मदाखला पुरतो.

आमच्या पिढीत या सगळ्यावर बोळा फिरला. वर्गात संजय, सुनील, अनिल आणि उरलेले राजेश. ओळख पटावी म्हणून लंबू संजय, चष्म्या संजय. या नावांवर दोन ओळींपेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही आणि माझं नाव त्यांतलंच असल्यामुळे मी ते सांगतही नाही.

आता मात्र जगावेगळ्या नावांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. पुतण्यानं मुलाचं नाव रेयांश ठेवलं.

'अर्थ काय रे?'

'सूर्याचा अंश, काका.'

'रेय म्हणजे सूर्य?'

'अॅपमध्ये दिलंय.'

मी अॅप बघितलं. त्यातल्या नावांचे अर्थ तीनच: सूर्य, विष्णू आणि अद्वितीय. एकमेवाद्वितीय म्हणून ठेवलेले अद्विक शाळेच्या एकाच बसमध्ये तीन-तीन भेटतात. दगडूचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता आणि तो कशासाठी ठेवला हेही सगळ्या गावाला ठाऊक असे. रेयांश कशासाठी, हे विचारलं तर पुतण्या म्हणतो, 'आमच्या सोसायटीत अजून कुणाचं नाहीये.' सुपडूमामांना एवढं कारण पुरलं नसतं.

पण मराठी जिभेपुढं कुणाचं काही चालत नाही, याचा मला मोठा भरवसा आहे. संध्याकाळी सोसायटीच्या गॅलऱ्यांमधून आज्यांच्या हाका सुरू होतात. 'ए रेयांश्या, चप्पल घाल!' 'विहान्या, वर ये!' 'रुद्र्या, त्याला ढकलू नको!' मागं 'या' लागला की सूर्य, विष्णू आणि अद्वितीय तिघंही धोंड्याच्या शेजारी येऊन बसतात. खालच्या मजल्यावरचा अगस्त्य तेवढा यातून सुटला. त्याच्या नावाला 'या' लावला काय आणि न लावला काय, सारखंच. म्हणून त्याच्या आजीनं त्याला सरळ बंड्या करून टाकलं आहे.