प्रासादिकतेची खिरापत

भरतमुनींनी काव्याचे दहा गुण सांगितले, वामनाने शब्दाचे दहा नि अर्थाचे दहा असे त्यांचे वीस केले, आणि अकराव्या शतकात मम्मटाने काटकसर करून माधुर्य, ओज व प्रसाद एवढे तीनच शिल्लक ठेवले. त्यांपैकी प्रसाद म्हणजे वाळल्या सरपणात अग्नी पसरावा तसा अर्थ चित्तात तत्काळ पसरविणारा गुण, असे त्याचे म्हणणे. आमच्या अभिप्रायलेखकांनी मात्र या गुणाची सनद इतक्या सढळ हाताने बहाल केली आहे की, ज्या ग्रंथाची पाने अद्याप कापलीही गेलेली नाहीत, ज्याचा अर्थ खुद्द कर्त्यालाही तळटीप जोडल्यावाचून लागत नाही, आणि ज्याची एकमेव शिफारस म्हणजे कर्त्याचे सरकारदरबारी असलेले वजन, त्याची शैलीही बिनदिक्कत 'प्रासादिक' म्हणून दप्तरी दाखल होते. माधुर्य म्हणावे तर चव घ्यावी लागते, ओज म्हणावे तर धक्का बसावा लागतो. प्रसादाला, देवळातल्याप्रमाणे, नुसता हात पुढे केला की पुरते. तेव्हा अभिप्रायकारांना नम्र विनंती एवढीच की, हा शब्द लिहिण्यापूर्वी निदान एक प्रकरण तरी वाचावे. ते न समजल्यास ग्रंथास 'गहन' म्हणावे. तोही शब्द लेखकांना तितकाच आवडतो.